चाड्यावरची मूठ

पोळा नुकताच होऊन गेला होता. बैलांच्या शिंगांचा हिंगूळ अजून हाताला लागत होता, आणि नवसाबाईने सकाळीच सुनेला सांगून टाकले, "कुसे, औंदा शाळूच्या पेरणीत चाड्याला हात लावायचा नाय. मूठ भागीबाई धरंल."

कुसाबाई गोवऱ्या थापत होती. तिने हातातला गोळा भिंतीवर जरा जोरातच मारला.

"का म्हून?"

"बाजरी पाह्यली नाय का? रानाला टक्कल पडल्यागत झालंय. वांझ हाताचं बी वांझच उगवतं."

सिन्नरच्या पूर्वेकडच्या त्या गावात सन छत्तीसच्या त्या साली बाजरी पेरल्यावर बावीस दिवस आभाळ कोरडे होते. शेजारच्या भागीबाईच्या रानातलीही बाजरी करपली होती, आणि भागीबाईला तर पाच पोरे. पण हे नवसाबाईला सांगणार कोण? सांगूनही ऐकले असते असे नाही. माणसाला दोष द्यायचा ठरला की पावसाचा हिशेब कोणी धरत नाही.

पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार, चालते तेव्हा मागून एक बाई चालते. ओटीत बी, डावा हात ओटीवर, उजवी मूठ पाभरीवरच्या लाकडी वाडग्यावर, म्हणजे चाड्यावर. मुठीतून बी चाड्यात, चाड्यातून नळ्यांनी जमिनीत. मूठ सैल पडली की एका जागी गचपण होते, आखडली की फणाने ओढलेले तास रिकामे जाते. कुसाबाई नऊ वर्षे या घराचे रान पेरत होती. तिच्या मुठीखालचे पीक उगवले की दोरी लावून पाहावे असे. शेजारच्या बाया तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत, बाळंतिणीच्या खोलीत शिरू देत नसत, ओटी भरायची वेळ आली की तिच्यावरून नजर पुढे नेत. तिने ते सगळे गिळले होते, कारण वर्षातून दोनदा साऱ्या शिवारासमोर ती पाभरीमागे ताठ मानेने चालत असे. आता तेही काढून घेतले.

आणि तेवढ्यावर भागले नाही. दुपारी चिमाजी आला. चिमाजी म्हणजे नवसाबाईचा भाऊ, रंगनाथचा मामा. भाकर मोडता मोडता त्याने कुसाबाईच्या देखतच सांगितले, "देवळ्याकडं पोर पाह्यलीय. मालन नाव. सोळाची. बाप गोरक्ष, कांदा पिकिवतो, माणूस सरळ हाय. पर एक अट घातलीया त्यानं. पेरणीला रान बघायला येतो म्हणला, आन् पहिलीच्या तोंडून हो ऐकल्याबिगर पोर देत नाय म्हणला."

रंगनाथ खाली मान घालून जेवत होता. कुसाबाईने त्याच्या ताटात कालवण वाढले. त्याने "पुरे" सुद्धा म्हटले नाही.

त्या संध्याकाळी ती विहिरीवर ताहेरापाशी रडली. रडली म्हणजे रागाने रडली. ताहेरा इनायत विणकराची बायको. इनायत लुगडी विणायचा आणि आठवड्याला गठ्ठा घेऊन सर्व्हिस मोटारीने नाशकाला जायचा. ताहेराचे दुसरे बाळंतपण अडले तेव्हा ती तिथल्या बायकांच्या दवाखान्यात राहून आली होती.

"रोती कशाला?" ताहेरा म्हणाली. "तिथं बाईच डाक्टर हाय. चल माझ्यासंगं. निदान कळंल तरी, काय बिघडलंय ते."

कुसाबाई गेली. घरी सांगितले, नाशकाला गंगेवर नाहून येते.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. कुसाबाईने लुगडे सोडले तसा त्यांचा हात थांबला. बेंबीखाली तीन काळे डाग होते, विळा तापवून दिलेले.

"हे कोणी केलं?"

"सासूनं. वैदूनं सांगितलं व्हतं. पोट थंड हाय म्हून."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. पाळी कधी येते, किती दिवस, दुखते का, सगळे त्यांनी विचारले. पोट दाबून पाहिले, आतून तपासले. हात धुता धुता म्हणाल्या, "मला तुमच्यात काही बिघाड दिसत नाही. नवऱ्याला तपासलंय?"

"त्यांना काय झालंय?" कुसाबाई म्हणाली.

हे ती स्वतःच म्हणाली. नऊ वर्षे उपास केले, कडू काढे प्याली, पोटावर विळा सोसला, आणि तरी तिच्याही डोक्यात कधी आले नव्हते.

"मूल होत नाही ते तुम्हा दोघांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासणी मात्र तुमची एकटीची. शंभर घरांत तीस-चाळीस घरी पुरुषाकडेच कारण असतं, बाई. ही चिठ्ठी द्या त्यांना. पंचवटीच्या रस्त्यावर डॉक्टर आहेत, ते पुरुषांचं बघतात."

येताना मोटारीत ताहेराने खारे शेंगदाणे पुढे केले, ते तिने घेतले नाहीत. तिला कोणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि पहिला आपलाच.

रंगनाथ गोठ्यात बैलांना पेंढा टाकत होता. त्याने चिठ्ठी हातात धरली, वाचता येत नव्हतीच.

"मला तपासणार? मी काय बैल हाय?"

"बैल तरी बाजारात तपासून घेत्यात."

थप्पड बसली. रंगनाथ तरुणपणी कुस्ती खेळलेला गडी, दोन मणांचे पोते एकटा उचलायचा. कुसाबाईचा कान बधिर झाला. ती खाली बसली, परत उठली आणि तिथेच उभी राहिली.

"मारा. आजून मारा. पर देवळ्याच्या पाव्हण्याला माझ्या तोंडून हो पायजे ना? मंग आधी नाशकाला जाऊन या. तुमच्यात कायबी नसंल तर मी स्वतः सवतीला कुंकू लावून घरात घेईन."

नवसाबाई ओसरीवरून धावत आली. "मर्दाला कुठं तपासत्यात गं रांडे? जगात ऐकलंय का कोणी? नाय जायाचा माझा पोरगा!"

तिचा ओरडा जरा जास्तच होता. कुसाबाईला ते जाणवले, पण कशासाठी ते तेव्हा कळले नाही.

शेवटी रंगनाथ गेला. माझ्यात काय निघणार, एकदाचे तोंड बंद होईल हिचे, या गुर्मीत गेला. सोबतीला इनायत होता, कारण नाशकाच्या गल्ल्या त्याला ठाऊक होत्या.

डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. त्याने बसवून आधी विचारायला सुरुवात केली. लग्नाला किती वर्षे? बायकोजवळ जाण्यात काही अडचण? कधी बाहेर गेला होतात का, लघवीला आग, पू? कधी खाली मार लागला? अंगात फार ताप असलेले मोठे दुखणे? रंगनाथ प्रत्येक प्रश्नाला भिंतीकडे बघून "नाय, नाय" म्हणत होता.

"गालगुंड झालं होतं कधी?"

"व्हय. सतरा-अठराचा व्हतो."

"तेव्हा खाली सूज आली होती? अंडांना?"

रंगनाथने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. "तुमाला कसं कळलं?"

डॉक्टरने त्याला पलंगावर उताणे झोपवले आणि धोतर सोडायला लावले. नऊ वर्षे बायकोला उघडी पाडून वैदू, देवऋषी सगळे येऊन गेले, तेव्हा रंगनाथ ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. आता त्याने सोडलेले धोतर दोन्ही मुठींत घट्ट धरले. डॉक्टरने दोन बोटांत धरून एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, उभे करून खोकायला लावले, शिरा फुगल्यात का ते चाचपले. कागदावर काहीतरी लिहिले.

मग एक रुंद तोंडाची बाटली दिली. "पाच दिवस बायकोजवळ गेला नाहीत ना? मागच्या खोलीत जा. सगळं यात आलं पाहिजे. सांडू नका."

मागच्या खोलीत एक खुर्ची, पाण्याचा माठ आणि भिंतीवर लक्ष्मीचे कॅलेंडर. रंगनाथने कॅलेंडर उलटे केले. कंपाउंडरने दोनदा दार वाजवले, "झालं का, पाटील?" तो बाहेर आला तेव्हा बाटली धोतराच्या सोग्यात धरून आला, चोरासारखा. बाकावर इनायत बसला होता, त्याने लगेच खिडकीबाहेर पाहिले. भला माणूस.

डॉक्टरने काचेवर थेंब घेतला आणि दुर्बिणीत बराच वेळ पाहिले. मग दुसरी एक काच लावली आणि रंगनाथला डोळा लावायला सांगितले. "हे दुसऱ्या एका माणसाचं आहे. काय दिसतं?"

रंगनाथला दिसले ते पाहून तो दचकला. बारीक बारीक शेपटीवाले जीव, डबक्यातल्या बेडकाच्या पिलांसारखे, एकमेकांच्या अंगावरून वळवळत चाललेले.

"आता हे तुमचं."

त्याने पाहिले. डोळा चोळून पुन्हा पाहिले. उजेड होता, थोडा कचरा होता. हलत काहीच नव्हते.

"एकदा बघून मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाला. "ताप-दुखण्यानं कधी कमी होतं, परत भरतं. महिन्यानं या."

दसऱ्यानंतर तो पुन्हा गेला. पुन्हा बाटली, पुन्हा ते उलटे कॅलेंडर. दुर्बिणीत तसाच कोरा उजेड. डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात सांगितले, "गालगुंडाची सूज दोन्ही बाजूंना उतरली होती. अंडं आक्रसली. तुमच्या मर्दपणात काही कमी नाही, ते वेगळं आणि हे वेगळं. पण मूल होण्यासाठी जे लागतं ते आता तयार होत नाही."

"औषध द्या. लागंल ते करतो."

"कोणाची शीर फुगलेली असते, ती बांधता येते. कोणाची नळी बंद असते, तिथे मुंबईला शस्त्रक्रिया करून बघतात. तुमचं तसं नाही. याला आज औषध नाही, आणि आहे असं सांगून पुड्या विकणारा भेटला तर तो लबाड समजा. भस्मं खाऊन मूत्रपिंड घालवू नका. दत्तक घ्या." मग चष्मा काढून म्हणाला, "आणि दुसरं लग्न केलंत तरी हेच होणार. करायचंच असेल तर त्या मुलीच्या बापाला सांगून करा."

डॉक्टरने इतके स्वच्छ सांगितले होते. रंगनाथला ऐकू आले नाही असे म्हणायला जागा नव्हती.

आणि तरी घरी येऊन त्याने पागोटे खुंटीला अडकवले आणि म्हणाला, "म्या म्हणलं व्हतं ना? ठणठणीत हाय. दोनदा पाह्यलं डाक्टरनं."

नवसाबाई चुलीपुढे पिठले ढवळत होती. कुसाबाई परातीत भाकरी थापत होती. तिने विचारले, "ठणठणीत माणसाला दोनदा कशाला बोलावलं?"

"खात्री कराया."

"आन् इचारलं काय काय?"

"काय नाय. मार लागला का, गालगुंड झालतं का..."

पळी थांबली. नवसाबाईचा हात तसाच हवेत राहिला आणि पिठले तळाला लागल्याचा वास सुटला तरी हलला नाही. मग ती एकदम म्हणाली, "नव्हतं झालं! कधी नव्हतं झालं!"

"म्या तर व्हय म्हणालो," रंगनाथ म्हणाला आणि लगेच जीभ चावून उठून गोठ्यात गेला.

कुसाबाईने हातावरची भाकर तव्यावर टाकली. पाणी फिरवले.

"आत्याबाई, झालं व्हतं ना?"

"व्हतं तर! एरंडाची पानं बांधून आठ दिस निजवला व्हता. वैदू म्हणला जीव वाचला, वंशाचं सांगता येत नाय. मंग? पोराच्या आईनं काय गावात बोंब मारायची?"

कुसाबाईने तिच्याकडे पाहिले. ही बाई माहीत असून तिला सून म्हणून मागायला आली होती. माहीत असून विळा तापवला होता, तीनदा. आणि माहीत असून आता सोळा वर्षांची पोर आणायला निघाली होती, म्हणजे आणखी नऊ वर्षांनी तिच्याही पोटाला डाग द्यायला.

हे गावभर सांगत सुटावे असे तिला वाटले. पण तिने सांगितले असते तर सवतीच्या रागाने जळकी बाई बोलली, एवढेच झाले असते. सांगायचे तर ज्याने दुर्बिणीत पाहिले त्यानेच सांगायला हवे होते. सकाळी तिने नवऱ्याला गोठ्यात गाठले आणि एवढेच म्हणाली, "वैदूचं आत्याबाईंनी कबूल केलंय. पेरणीच्या दिशी पाव्हणा येतोय. तुम्ही सांगा. म्या वाट बघते." तो बैलाची पाठ खाजवत उभा राहिला.

रानाला वापसा आला. हस्ताच्या पावसाची ओल मातीत नेमकी मुरली होती. मुठीत माती धरली तर गोळा होई, सोडली तर फुटे. अशी ओल दोन दिवस टिकते, फार तर तीन. शिवारात सगळीकडे पाभरी चालू झाल्या.

कुसाबाईने चार दिवस आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून उकिरड्याच्या उबेत ठेवले होते. पंच्याण्णवांना कोंब आले. हे काम मात्र तिच्याकडून काढून घ्यायला नवसाबाई विसरली होती. वांझ हाताला बी मोजलेले चालत होते, फक्त पेरलेले चालत नव्हते.

पाभरीमागे भागीबाई. तिची मूठ आपल्या रानात बरी चालायची, इथे पाहुण्यासमोर ती घाबरली होती. दोन तासांत नळी तुंबली. रंगनाथने थांबून काडी घातली, पुन्हा हाकले, पुन्हा तुंबली. कुसाबाई बांधावर पाण्याची घागर घेऊन उभी होती आणि सांडलेल्या दाण्यांकडे बघत होती.

गोरक्ष चिमाजीबरोबर आला. उंच, रापलेला, नखांत कांद्याच्या मळ्याची माती. त्याने आधी रान पायाखाली घातले, मग वाकून तासातले दाणे उचलले.

"बी तपासेल शे ना?"

"तर वो!" नवसाबाई पुढे झाली. "शंभरातलं पंच्याण्णव उगवलं. आमच्या घरात बी तपासल्याबिगर रानात पडतच नाय."

"चांगलं शे." तो कुसाबाईकडे वळला. त्याच्या अहिराणी वळणाच्या बोलण्यात अदब होती. "ताई, मी पोरीचा बाप हाय, म्हून विचारतो. तुमच्या मनाविरुद्ध मनी पोर, माझी मालन, या घरात यायला नको. तुमचा होकार शे का?"

चिमाजी खोकला. कुसाबाईने घागर खाली ठेवली.

"माझा होकार यांच्याकडं हाय," ती म्हणाली. "त्यांना इचारा, नाशकाला डाक्टरनं काय सांगितलं."

"कुसे!" नवसाबाई किंचाळली.

"इचारा त्यांना. बी शंभर दाणे मोजून तपासतो आम्ही. उगवलं नाय तर रानाला शिव्या देत नाय. मग माझ्या पोटाला डाग कशाचे हायेत ते इचारा."

गोरक्षने रंगनाथकडे पाहिले. रंगनाथ पाभरीच्या रुमण्याला धरून उभा होता. गडी एवढा मोठा, पण मान छातीला लागलेली. बैलाने शेपूट हाणली, तरी तो हलला नाही.

"बोला, पाव्हणे. मनी पोर सोळाची शे."

मग रंगनाथ पुटपुटला, जेमतेम पाभरीपलीकडे जाईल एवढ्या आवाजात, "दोष माझ्यात हाय. मला पोर व्हनार नाय."

गोरक्षच्या हातातले दाणे खाली पडले. तो चिमाजीकडे वळला. "हे ठाऊक व्हतं तुला?" चिमाजीला खरेच ठाऊक नव्हते, पण ते ऐकायला गोरक्ष थांबला नाही. जाताना त्याने कुसाबाईला हात जोडले आणि बांधाबांधाने चालू लागला. चिमाजी मागून धावला.

भागीबाई तेव्हा मागच्या तासांत सांडलेले बी वेचत रानाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. तिला कळले एवढेच की पाहुणा रागाने गेला. तिच्या माणसांची हाक आली तशी ती ओटी सोडून आपल्या रानाकडे निघाली. नवसाबाई तिच्याबरोबर बांधापर्यंत गेली. आणि तिचा आवाज कुसाबाईला स्वच्छ ऐकू आला, "हिनंच मोडलं गं. सवत नगं म्हून. वांझ ती वांझ, दुसरीचंबी होऊ देत नाय."

आत्ता, एवढे सगळे झाल्यावर.

ऊन वर चढत होते. मातीचा वरचा पापुद्रा पांढरा पडायला लागला होता. नवसाबाई परत आली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "वापसा चाललाय. धर आता चाडं."

कुसाबाईने बियाची ओटी कमरेला बांधली. पाभरीमागे उभी राहिली आणि मूठ भरून चाड्यावर धरली. रंगनाथला सुटल्यासारखे झाले. त्याने बैल हाकले. फण मातीत रुतले, तास पडत गेले.

दहा पावलांवर त्याने मागे पाहिले. तासात दाणा नव्हता. कुसाबाईची मूठ चाड्यावर होती, पण घट्ट मिटलेली.

"बी सोड की!"

"सोडते. आधी तिकडं सांगा." तिने हनुवटीने शेजारचे रान दाखवले. तिथे भागीबाई, तिचा नवरा, दीर, जावा, सगळे पेरत होते.

"सांगितलं ना पाव्हण्याला."

"पाव्हणा गेला देवळ्याला. मला हितं राह्याचंय."

"कुसे, वापसा जाईल," तो काकुळतीला आला.

"जाऊंदे."

नवसाबाई धावत आली, हाताला झोंबली, बोटे उकलायला लागली. नऊ वर्षे बी धरलेली ती बोटे होती. उकलली नाहीत.

रंगनाथने रुमणे सोडले. बांधापर्यंत गेला, तिथे उभा राहिला, घसा खाकरला. "भागीबाई," तो म्हणाला, "कुसात दोष नाय."

"ऐकू नाय गेलं," कुसाबाई मागून म्हणाली.

मग तो ओरडला. कुस्तीच्या फडात ओरडायचा तसा, गळ्याच्या शिरा ताणून. "ती वांझ नाय! दोष माझ्यात हाय! डाक्टरनं दोनदा तपासलंय! माझ्या आईला ठाऊक व्हतं!"

शेजारची पाभर थांबली. पलीकडच्या रानातलीही थांबली. बाया डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या. नवसाबाई मटकन तासात बसली आणि तिने तोंडावर पदर घेतला.

रंगनाथ परत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. तिने तो दाबला नाही.

"हे तास रिकामं गेलंय," ती म्हणाली. "मागं घ्या. पहिल्यापासनं धरू."

त्याने मुकाट्याने बैल वळवले आणि पाभर पुन्हा बांधाशी आणली.

"हं, हाका," ती म्हणाली आणि मूठ सैल केली.